न दचकणारं मूल

"तुझ्या पोरीला ऐकू येत नाही गं," असं मला एक बाई म्हणाली होती. तिचा चेहरा मला माहीत नव्हता, गाव माहीत नव्हतं. फोनवरच्या शब्दकोड्याच्या खेळात समोर आलेली कुणीतरी, खेळातलं नाव कुजकट. मी तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, कशावरून असंही विचारलं नाही. तिच्या नावावर अंगठा दाबून धरला, खाली पर्याय आले, त्यातल्या शेवटच्यावर बोट टेकवलं आणि बाई नाहीशी झाली. केवढं सोपं. एरवी माणसाला घराबाहेर काढायचं तर निदान उठून दार तरी उघडावं लागतं. मला भीती वाटली नाही. जीभ चावली की तोंडात येते तशी एक चव आली आणि मनात म्हटलं, मेलीचं तोंड काय आहे. माझ्या पाठीमागे गादीवर ठकी बसली होती, माझी अकरा महिन्यांची मुलगी. रंगीत पेले एकात एक घालत होती. मी तिच्यासमोर गेले, तिने वर पाहिलं, हसली. हसली, म्हणजे सगळं ठीक. मी तेव्हा असाच विचार करायचे, आणि माझ्याभोवती सगळ्याजणी असाच विचार करणाऱ्या होत्या.

आमच्या घरात आवाज होऊ द्यायचा नाही असं ठरलेलं होतं. खुर्च्यांच्या पायांना मोजे घातलेले. दारांच्या कडांना स्पंजच्या पट्ट्या. बेल काढून टाकलेली, तिच्या जागी भिंतीत दोन तारांची टोकं आणि खाली कागद : टकटक करू नये, फोन करावा. स्टीलची भांडी मी आईकडे पाठवून दिली होती, लाकडी वाडग्यांत जेवायचो. नवरा शिंक आली की उशीत तोंड खुपसायचा, फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा. जिन्यात त्याच्या सगळ्या मजल्यांशी ओळखी झाल्या होत्या. हे माझं खूळ नव्हतं. म्हणजे एकटीचं नव्हतं. 'शांत घर' नावाचा आयांचा एक गट होता, फोनमध्येच, आणि मी ठकीच्या जन्माआधीपासून त्यात होते. गट चालवणारीला सगळ्या मोठी ताई म्हणायच्या. तिचं म्हणणं असं की मूल दचकतं तेव्हा त्याच्या आत काहीतरी कायमचं मोडतं, आणि आजकालची माणसं इतकी चिडकी, घाबरट, भांडखोर का, तर ती लहानपणी दचकलेली मुलं. म्हणून बाळाला मागून हाक मारायची नाही. आधी त्याच्या नजरेसमोर यायचं, मग हात लावायचा, मग बोलायचं, तेही कुजबुजत. टाळ्या नाहीत, खुळखुळा नाही. जन्मल्यावर दवाखान्यात कानाची तपासणी करून घ्या म्हणाले होते. गटात विचारलं, तर पहिल्या महिन्यात बाळाच्या कानात यंत्र घालणारे दवाखाने आणि कान टोचणारे सोनार यांच्यात फरक काय, असं एकीने लिहिलं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. मग राहूनच गेलं.

मला ते पटलं होतं, कारण मी दचकलेली मुलगी होते. आमच्याकडे दार लावलं जात नसे, आपटलं जाई. बाबा रागावले की त्यांचा आवाज आधी भिंतींवर जायचा आणि मग भिंतींवरून आमच्यावर. ताटावर बसले असताना मागून त्यांनी नुसतं खाकरलं तरी माझ्या हातातला घास पडायचा. मग घास पडला म्हणून आरडाओरडा. अजूनही ऑफिसात कुणी फाईल टेबलावर टाकली की माझे खांदे कानांपर्यंत येतात. मी विमा कंपनीत दावे तपासते, तेव्हा ठकीसाठी लांबवलेल्या रजेवर होते. लोक काय लपवतात ते शोधायचं माझं काम. सहकारी म्हणतात, हिच्यासमोर खरं बोलतानाही घाम फुटतो. आणि ही मी, संशयावर पगार घेणारी, त्या गटातलं एकही वाक्य कधी उलटून पाहिलं नाही. संशय बाहेरच्यांसाठी असतो. आत आलं की चपला काढतो तसा तो दाराशी काढून ठेवायचा.

आणि ठकी! ठकी तर गटाची लाडकी. तिच्यासारखं मूल कुणाचंच नव्हतं. खाली रस्ता खोदत होते, यंत्राने काचा थरथरत होत्या, आणि ठकी झोपलेली, मूठ गालाखाली. मी त्याचं चित्रण करून गटात टाकलं. मोठ्या ताईने लिहिलं, 'बघा गं सगळ्याजणी, हे खरं शांत घराचं मूल.' त्या दिवशी मी आरशात स्वतःकडे दोनदा पाहिलं. सहा महिन्यांची असताना ठकी खूप आवाज काढायची, बा बा, गुर्र, काहीबाही. नंतर ते कमी होत गेलं. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. गटात म्हणाल्या, अगं, स्थिरावतेय ती, बडबड म्हणजे अस्वस्थपणाच. किती पटकन पटलं मला. पटवून घेण्याची इतकी हौस असते माणसाला, दुकानदारालाही एवढं तयार गिऱ्हाईक मिळत नसेल.

पण दिवसभर कुजबुजून घसा एका विचित्र तऱ्हेने दुखतो. न वापरलेल्या खोलीसारखा. दुपारी ठकी खेळत असायची आणि मी फोनवर शब्दकोडं सोडवायचे. त्या खेळात कोडं दोघांत वाटलेलं असतं; आडव्या शब्दांच्या खुणा एकाला दिसतात, उभ्यांच्या दुसऱ्याला, आणि एकमेकांना बोलून सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. जोडीदार म्हणून ओळखीचं कुणी निवडायचं, नाहीतर 'कोणीही' असं एक बटण. गटातल्या कुणालाही शब्दकोड्यांत रस नव्हता. मी 'कोणीही' दाबलं आणि कुजकट आली. पहिलं वाक्य : "मोठ्याने बोल की. कबरीतून बोलतेयस का?" मी म्हटलं, "माफ करा, घरात बाळ आहे." "झोपलंय?" "नाही, खेळतंय." "मग कुणाच्या बापाला भितेस?" असं तिचं सगळं. पाय मोडून प्लास्टरमध्ये, पलंगावर पडलेली, कंटाळलेली, वयाने माझ्या आईएवढी असावी. शब्द मात्र तिला भराभर सुचायचे. मी चुकले की म्हणायची, "कॉलेजात गेली होतीस की नुसती कँटीनमध्ये?" मी दात-ओठ खाऊन खेळायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिलाच शोधायचे. का, ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. गटात सगळ्या माझ्याशी इतक्या गोड बोलायच्या की मला स्वतःच्या कडा कुठे आहेत तेच कळेनासं झालं होतं. ही बाई टोचायची तेव्हा निदान कळायचं, इथे मी संपते.

त्या दुपारी तिने पुन्हा विचारलं की ही कुजबुज कशासाठी, आणि मी सांगून बसले. शांत घर, नजर, स्पर्श, शब्द, सगळं.  ती म्हणाली, "अगं बाई! म्हणजे तू त्यातली! माझ्या डोक्यावर राहतात तुझ्यातली एक जोडी. मी खोकले की वरून चिठ्ठी येते. मिक्सर लावला की चिठ्ठी. मागे पाय आपटून पडले, हाड मोडलं, किंचाळले, तर दुसऱ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी, बाळ दचकलं म्हणून. लोकांच्या तोंडाला बूच मारून पोरं वाढवता होय गं तुम्ही? भित्र्यांनो!" मी म्हटलं, तुम्हाला काही माहीत नसताना बोलू नका. ती म्हणाली, माहीत आहे, पोर एक निमित्त, तुम्हालाच आवाज सहन होत नाही. आणि मग माझ्या घशातून जे निघालं ते माझं नव्हतं. तो बाबांचा आवाज होता, तसाच्या तसा, भिंतींवर जाऊन परत येणारा. "तुम्हाला काय कळतं हो दचकणं म्हणजे! कोण तुम्ही? कोण विचारतं तुम्हाला? मोडका पाय घेऊन गप्प पडा!" मी उभी राहिले होते. खालच्या मजल्यावर खिडकी उघडल्याचं ऐकू आलं. कान तापले होते, आणि लाज वाटायच्या आधी क्षणभर इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की तेही सांगायला हवं.

 कुजकटचा आवाज आला, पण वेगळाच, धार नसलेला. "पोर कुठंय?" मी म्हटलं, इथेच. "रडलं नाही?" नाही. "दचकलं? वळून पाहिलं?" मी मागे पाहिलं. ठकीची पाठ माझ्याकडे होती. हिरवा पेला पिवळ्यात जात नव्हता, आणि ती तो जाईपर्यंत दाबत होती. "माझ्या कानाचा पडदा फाटायची वेळ आली," ती म्हणाली, "आणि ते पोर बसूनच आहे. तुझ्या पोरीला ऐकू येत नाही गं." बाकीचं मी वर सांगितलंच आहे.

गटात मी लिहिलं ते असं : आज एका अनोळखी बाईने मला फार दुखावलं. पाऊस पडावा तशी उत्तरं आली. परक्यांशी बोलतेसच कशाला. अशा बाया स्वतः दुखावलेल्या असतात. तुझ्यासाठी जीव तुटतो गं, आमची ठकी, आपली ठकी. कुणीही, एकीनेही, विचारलं नाही की ती बाई म्हणाली काय. आणि मीही सांगितलं नाही. मला ते सोयीचं होतं. मोठ्या ताईने लिहिलं, 'बाहेर फार गोंगाट आहे. दार घट्ट लावून घे.' संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो कुजबुजत म्हणाला, "कोण बाई?" मी कुजबुजत म्हटलं, "खेळातली." "म्हणजे ओळख ना पाळख, आणि तू तिचं मनावर घेतेस?" "घेतलं नाही." "मग मला का सांगतेस?"  त्याने ठकीला समोरून उचललं, ती खिदळली, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुरावा हा बघ.

पण एकदा ऐकलेलं वाक्य परत कानाबाहेर काढता येत नाही. ते अंगात फिरायला लागतं. मी ठकीकडे बघायला लागले. मी नेहमीच बघायचे, दिवसभर, पण आता दाव्याच्या कागदांकडे बघते तशी. माझी सावली गादीवर पडली की ती वळते. दार उघडलं की वारा येतो, पडदा हलतो, ती वळते. बाप आला की माझा चेहरा बदलतो, ती माझ्या चेहऱ्याकडे बघून दाराकडे बघते. केवढी हुशार पोरगी. सगळं घर ती डोळ्यांनी ऐकत होती, आणि आम्ही तिला नेमकं तेच शिकवलं होतं : आधी नजर, मग स्पर्श. शब्दापर्यंत जायची वेळच येऊ दिली नव्हती. हे असं स्वच्छ मला तेव्हा दिसलं असं नाही. तेव्हा मी स्वतःला नुसतं म्हणायचे, त्या बयेने विष कालवलं.

शेवटी मी आवाज करायचं ठरवलं, आणि घरात आवाज करायला काही सापडेना. हसू नका. लाकडी वाडगी, रबरी झाकणं, कापडी चेंडू. माळ्यावर एक जुनं पितळी पातेलं निघालं. ठकीची पाठ होती. मी ते डोक्याएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडलं. माझेच खांदे कानांपर्यंत गेले, डोळे मिटले, आणि उघडले तर ठकी मान वळवून माझ्याकडे बघत होती. बघत होती! मी तिला उचलून तिचे इतके मुके घेतले की ती वैतागली. गटात लिहिलं नाही, कारण पातेलं आपटलं हे त्यांना कसं सांगणार. सांगायचं होतं ते एकाच माणसाला. कुजकटला मी परत आत घेतलं, फक्त तिचं तोंड बंद करायला. तिचा आवाज येताच म्हटलं, "वळली. माझी मुलगी वळली. पातेलं टाकलं मी आणि ती वळली. आता माफी मागा."

"कुठे टाकलंस?"

"कुठे म्हणजे? जमिनीवर."

"आणि ती कशावर बसलीये? जमिनीवरच ना? अगं, मग ते तिच्या ढुंगणाला कळलं असेल. वरची बया पाय न वाजवता चालते म्हणे, पण मला तिची पावलं या प्लास्टरमध्ये कळतात, कानात कापूस घातला तरी. हातात धर ते पातेलं. अधांतरी. आणि वाजव."

"तुम्हाला माझं वाईटच व्हायला हवंय."

"तुझं वाईट होऊन मला काय पेढे मिळणार आहेत? वाजव."

मी फोन कट केला नाही. तो तसाच जमिनीवर ठेवला. पातेलं डाव्या हातात धरलं, उजव्या हातात पळी घेतली, ठकीच्या मागे उभी राहिले, सावली पडणार नाही अशी, पाय न हलवता. एकदा वाजवलं. पळी नीट बसली नाही, आवाज फुसका निघाला असं मी स्वतःला सांगितलं. पुन्हा वाजवलं. मग वाजवतच सुटले. खोली त्या आवाजाने भरून वाहत होती, दात झिणझिणत होते, आणि तिच्या मानेवरचे ते बारीक केस, न्हाऊ घातल्यावर वळतात ते, जागचे हलले नाहीत. जिन्यात कुणीतरी ओरडलं, काय चाललंय काय. तिने हिरवा पेला उचलून निळ्यावर ठेवला. फोनमधून कुजकटचा आवाज येत होता, "बस. बस गं. बस आता. बाई, ठेव ते खाली." तेवढा एकच प्रेमाचा शब्द त्या बाईने मला दिला असेल, आणि मला तो नको होता. मला तिचा इतका राग आला होता की ती समोर असती तर तेच पातेलं तिच्या डोक्यात घातलं असतं.

तपासणीची खोली आमच्या घरापेक्षाही शांत होती. भिंतींना राखाडी गाद्या, जाड दार. ठकी माझ्या मांडीवर. काचेपलीकडे तपासनीस बाई बटणं दाबत होती. आवाज एका पेटीतून यायचा, मला डोक्यात घण बसल्यासारखा, आणि ठकी माझ्या सदऱ्याच्या बटणाशी खेळत होती. नंतर तिला झोपवून डोक्याला तारा लावूनही पाहिलं. दोन्ही कान. फार थोडं शिल्लक. तपासनीस बाईने यंत्रं, पुढे शस्त्रक्रिया, बोलायला शिकवणाऱ्या बाई, सगळं नीट सांगितलं आणि मग विचारलं, "घरात कधी लक्षात नाही आलं? दार आपटल्यावर, कुणी ओरडल्यावर?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे का पाहावं? तो जिन्यात उभा राहून बोलतच होता की वर्षभर. "काही महिने आधी आला असतात तर," ती म्हणाली आणि वाक्य सोडून दिलं. अर्धी वाक्यं सोडून देण्याचा पगार मिळत असावा त्यांना.

कुजकटला मी कळवलं.  ती म्हणाली, "वाईट झालं." आणि लगेच, "आता यंत्र घालेल ना, तेव्हा पहिलं माझ्याशी बोलू दे तिला. तुझी कुजबुज ऐकून पुन्हा काढून फेकेल." मी म्हटलं, तुमचा आवाज ऐकला तर जन्मात घालणार नाही. ती हसली, आणि तिच्या डोक्यावरून, वरच्या मजल्यावरून, काहीतरी पडल्यासारखं वाटलं मला, पण तो माझा भास असेल. आमची मैत्री वगैरे झालेली नाही. ती मला आवडत नाही. ती ज्या ज्या गोष्टींच्या बाजूने बोलते त्यांतल्या निम्म्या मला किळसवाण्या वाटतात. पण 'कोणीही' दाबल्यावर हीच आली, आणि माझ्यावर प्रेम करणाऱ्या एवढ्या सगळ्याजणींनी मिळून जे झाकलं ते हिने भांडताभांडता उघडं पाडलं, हे मला मान्य करावं लागतं, आणि त्याचाही राग येतो.

गटात मी सगळं लिहिलं. न लपवता, दाव्याचा अहवाल लिहावा तसं : आपल्या घरांत बहिरं मूल ओळखूच येणार नाही, उलट तेच सगळ्यांत गुणी ठरेल, म्हणून आजच प्रत्येकीने तपासून घ्या. ते काही मिनिटं तिथे राहिलं. मग नाहीसं झालं. मोठ्या ताईचा खासगी निरोप आला, 'तुझं दुःख मी समजू शकते गं. पण तुझ्या भीतीने इतर आयांना दचकवू नकोस.' दचकवू नकोस. मी उत्तर लिहीपर्यंत मला बाहेर काढलेलं होतं. अंगठ्याने दाबून धरायचं, शेवटचा पर्याय. मला ठाऊक आहे ते कसं करतात. ठकीचं ते झोपेतलं चित्रण मात्र त्यांनी काढलं नाही. गटाच्या दर्शनी पानावर आहे, बाहेरूनही दिसतं : मूठ गालाखाली, मागे रस्ता खोदणारं यंत्र, खाली कौतुक. आणि त्याखाली, अगदी अलीकडे, एका आईने लिहिलंय : 'आमचंही आता ठकीसारखंच व्हायला लागलंय हं, शेजारी कुत्रं बेंबीच्या देठापासून भुंकतं पण बाळ डोळेही उघडत नाही. ताई, तुमच्यामुळे.' पुढे हात जोडलेले.

मी तिला शोधलं. तिच्या नावाच्या जागी 'बाळाची आई' एवढंच आहे, चित्राच्या जागी एक पडदा, पिवळट, उन्हात. बाहेरच्या माणसाला तिला निरोप पाठवता येत नाही. गटातल्या ओळखीच्या दोघीतिघींना कळवलं. एकीने उत्तर दिलं नाही, एकीने लिहिलं, स्वतःचं झालं म्हणून दुसरीचंही व्हावं असं वाटतंय ना तुला. कुजकट म्हणाली, ती वरची बयाच नसेल कशावरून, आणि प्लास्टरचा पाय ओढत जिना चढून गेली. ती नव्हती. वरचं पोर तिला बघताच गळा काढून रडलं, आणि ती मला म्हणाली, इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नाही.

म्हणून हे तुम्हाला लिहितेय, कोण असाल ते. तुमच्या इमारतीत असेल ती, तुमच्या नात्यात, तुमच्या ऑफिसातल्या कुणाची बायको असेल. कुत्रं भुंकणारं घर आणि शेजारी एक अगदी गप्प दार. जा. बेल सापडणार नाही, दारावर जो कागद असेल तो वाचू नका. ती समोर येईल, छान हसेल, कुजबुजत बोलेल, बाळ किती गुणी आहे ते सांगेल, आणि तुम्हालाही दोन गोड शब्द बोलून परत फिरावंसं वाटेल. फिरू नका. कशावरूनही भांडण काढा. पार्किंगवरून काढा, कचऱ्यावरून काढा, तिच्या त्या पडद्याच्या रंगावरून काढा. ती ओरडेपर्यंत ओरडा. आणि ती ओरडायला लागली की तिच्याकडे बघू नका, बाळाकडे बघा.